टायग्रिसवरील जखमींची बोटसेवा, 1915 ते 1917 : एक परीक्षण

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) जखमी सैनिकांना टायग्रिस नदीतून बसरा बंदराला आणणारी ब्रिटिश हिंदुस्थानी लष्कराची बोटसेवा 1915 च्या अखेरीस ज्या अवस्थेत होती, तिला रुग्णसेवा म्हणणे मला शक्य नाही. दाणागोटा, दारूगोळा आणि जनावरे घेऊन वर गेलेल्या आगबोटी व बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू नावा) परत येताना जखमींनी भरायचे, एवढीच ती व्यवस्था होती. जवानांना परतीच्या मालासारखे आणले गेले, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

त्या नोव्हेंबरात बगदादजवळच्या टेसिफोनला ब्रिटिश हिंदुस्थानी लष्कराची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांशी लढली. तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणीही होत्या. चार हजारांहून अधिक सैनिक मृत किंवा जखमी झाले, आणि वैद्यकीय तयारी त्यांतल्या थोड्यांनाच पुरेल इतकी होती. हाडे मोडलेली माणसे स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून हादरे खात लज्ज या ठिकाणी नदीकाठी आली. तेथून बसऱ्यापर्यंतच्या चारशेहून अधिक मैलांना, उथळ पाण्यातून वाट काढत, काहींना जवळजवळ दोन आठवडे लागले.

‘मेजिदिए’ ही बोट बसऱ्याला लागत असताना इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर यांना तिच्या कडेने दोर लोंबत असल्यासारखे दिसले. बोट जवळ आल्यावर दुर्गंधी आली आणि कळले, की ते दोर नसून वाळलेली विष्ठा होती. दाटी इतकी होती, की हगवणीच्या रुग्णांना बोटीच्या कडेबाहेर शौचाला बसणेही जमत नव्हते. कार्टर यांनी तपासलेल्या पहिल्याच जवानाची मांडी मोडलेली होती आणि तो हगवणीने माखला होता. वरिष्ठांकडे गेलेल्या तारेत मात्र सारी व्यवस्था उत्तम चालल्याचे कळवले होते, आणि तक्रार करणाऱ्या कार्टर यांनाच अटकेची धमकी मिळाली. बोटींवर राबणाऱ्या मोजक्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. दोष, कमी बोटी असताना फौज पुढे रेटणाऱ्यांचा आहे.

या मोहिमेच्या चौकशी आयोगाचा अहवाल जून 1917 मध्ये प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश मंत्रिमंडळातील भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. तोवर नदीवर खाटा, डॉक्टर आणि परिचारक असलेल्या रुग्णबोटी व जखमींसाठीच्या मोटार लाँच धावू लागल्या होत्या. ही नंतरची सेवा मी मनापासून चांगली मानतो. नदी तीच होती, वळणे तीच होती. म्हणूनच उथळ पाण्याची सबब 1915 साठी मला मान्य नाही.