तीन महिने, तीन डब्या आणि माझा डावा डोळा

मोतीबिंदूसाठी घेतलेल्या या कॅप्सूलला दोन तारे देते. त्यातला एक डबीच्या झाकणाला. संधिवाताच्या बोटांनाही ते उघडतं.

मोतीबिंदू सुरू झालाय असं कळल्यावर इथे बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका औषधाच्या दुकानात शिरले. "बेन, त्रण महिनामां फरक पडशे," म्हणत त्याने ही अँटिऑक्सिडंट कॅप्सूल पुढे केली. तीसची डबी, ६४० रुपये. ल्युटिन १० मिलिग्रॅम, झियाझँथिन २ (दोन्ही पिवळी रंगद्रव्यं), शिवाय क आणि ई जीवनसत्त्व, जस्त. ल्युटिन झेंडूपासून काढतात. दसऱ्याला खंडेराव मार्केटपाशी लागणारे झेंडूचे ढीग आठवून जीव हळहळला, पण घेतली. उपाशीपोटी घेऊ नका, जस्ताने मळमळतं. मला हे सेवउसळीच्या गाडीपुढे उभी असताना कळलं.

दुसऱ्या महिन्यात चमत्कार! पेपर बिनचष्म्याने वाचता यायला लागला. शेजारच्या वहिनींनाही मी दोन डब्या घ्यायला लावल्या. मग डॉक्टरीणबाईंनी तपासलं. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा आणखी घट्ट झालाय, प्रकाश जास्त वाकतो, म्हणून डाव्या डोळ्याला उणे दीड नंबर आलाय. म्हणजे जवळचं दिसत होतं ते मोतीबिंदू वाढला म्हणून. वहिनींना अजून सांगितलेलं नाही.

बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं. भिंगात रक्तवाहिनीच नसते. पुढच्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, तो पंपासारखा सोडियम बाहेर फेकतो आणि पोटॅशियम आत घेतो. आतले तंतू म्हणजे केंद्रक आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जाघरं) टाकून दिलेल्या पेशी. अगदी गाभ्यातले तर आपल्या जन्माच्याही आधीचे. ते जगतात ते कनेक्सिन नावाच्या प्रथिनांच्या बोळांतून एकमेकांशी आयनांची (सोडियमसारख्या विद्युतभारित कणांची) देवघेव करून. सोडियम आत येतो, कडेने बाहेर पडतो, त्याच्यामागे पाणी फिरतं. ऑक्सिडेशनपासून वाचवणारं ग्लुटाथायोन भिंग बरंचसं स्वतःच बनवतं, पण ते तयार होतं बाहेरच्या थरांत. वय वाढतं तसं ते गाभ्यापर्यंत पोचेनासं होतं. मग तिथली प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि गढूळपणा येतो. पेशींची आवरणं आणि त्यांतल्या आयनांच्या वाटा बिघडल्या की कॅल्शियमही आत शिरतं. या सगळ्या गल्लीबोळांतून माझी कॅप्सूल गाभ्यापर्यंत कशी जाणार होती, हा प्रश्न डबीवर कुठे छापलेला नाही.

अमेरिकेत ४,००० हून अधिक लोकांवर जवळपास पाच वर्षं ल्युटिन-झियाझँथिनची चाचणी झाली, २०१३ मध्ये निकाल आला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचं प्रमाण एकंदरीत कमी झालं नाही. ज्यांच्या जेवणात ल्युटिन फारच थोडं होतं त्यांना जरा फायदा झाल्यासारखा दिसला. मी तर आठवड्यातून तीनदा पालक खाते. एक मात्र नक्की: डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) आजारासाठी डॉक्टरांनी अशा गोळ्या लिहून दिल्या असतील तर माझं वाचून बंद करू नका, ती वेगळी गोष्ट आहे.

दुसरा तारा पावतीला. दुकानदाराने न मागता पक्की दिली.

दिवाळीनंतरची शस्त्रक्रियेची तारीख घेतली आहे. तिसऱ्या डबीतल्या अकरा कॅप्सूल काढून टाकल्या आणि मोहरी भरली. झाकण खरंच छान आहे.