हजार रुपयांच्या आतला आठ चॅनेलचा लॉजिक ॲनालायझर: दीड वर्षाच्या वापरानंतर

काडेपेटीपेक्षा थोडासा मोठा काळा डबा, एका बाजूला यूएसबीचे तोंड, दुसऱ्या बाजूला पिनांची दुहेरी रांग आणि वर छापलेले 'आठ चॅनेल, 24 मेगाहर्ट्झ' एवढेच शब्द, असा हा लॉजिक ॲनालायझर मी दीड वर्षापूर्वी ऑनलाइन मागवला. सर्किटमधल्या आठ जागांवर केव्हा शून्य आणि केव्हा एक होते, हे वेळेनुसार टिपून लॅपटॉपच्या पडद्यावर दाखवणे हे त्याचे काम. वायरींसह तो हजार रुपयांच्या आत पडला. त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. आत सायप्रेसची एफएक्स2एलपी ही यूएसबी चिप आहे आणि स्वतःची साठवण जवळजवळ नसल्यामुळे पिनांवर जे दिसेल ते ती थेट लॅपटॉपकडे पाठवत राहते. मी जळगावात राहून ठिबक सिंचनाच्या कंट्रोलरचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या चिपमध्ये चालणारा प्रोग्राम, लिहितो. बोर्डावर एसटीएम32 मालिकेतला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक, असतो आणि बागेतले ओलाव्याचे सेन्सर त्याला आरएस-485 या लांब अंतराच्या सामायिक तारेवर, मोडबस या प्रश्नोत्तरांच्या ठरलेल्या भाषेने जोडलेले असतात. या वस्तूविषयी माझे जे मत झाले आहे, ते याच कामातून झाले आहे.

रावेर तालुक्यातील केळीच्या एका कांदेबागेत, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या बागेत, आमच्या कंट्रोलरला चार सेन्सर जोडलेले होते. त्यांपैकी तीन नंबरचा सेन्सर बहुतेक वेळा उत्तर देत असे, तर एक नंबरचा वारंवार गप्प राहत असे. बागायतदाराचे म्हणणे सरळ होते: "भाऊ, तीन नंबरचा बरोबर सांगतो, म्हणजे तुमचं मशीन चांगलं आहे. एक नंबरचाच खराब निघाला, तो बदलून द्या." आम्ही तो बदलून दिला आणि नव्यानेही तेच केले. मग तार तपासली, टोकाचा 120 ओहमचा रोधक तपासला, जोडण्या पुन्हा आवळल्या. शेवटी, काय चालले आहे ते कळावे म्हणून मी प्रोग्रामात मध्ये मध्ये संदेश छापणाऱ्या ओळी घातल्या, तर दोष नाहीसाच झाला. त्या ओळी काढल्या की तो परत येई. जो दोष बघायला गेले की लपतो, त्याने आमचे दोन आठवडे खाल्ले.

तेव्हा हा डबा हाती आला. ग्राउंडची वायर जोडून मी पहिले चॅनेल पाठवण्याच्या पिनवर, दुसरे ऐकण्याच्या पिनवर आणि तिसरे आरएस-485 चिपला बोलण्याची परवानगी देणाऱ्या डीई पिनवर लावले. पल्सव्ह्यू या मोफत आणि मुक्त प्रोग्राममध्ये मोडबसचा डिकोडर, म्हणजे शून्य-एकांचे बाइट वाचून दाखवणारा भाग, तयारच आहे. पडद्यावर पहिल्या ओळीत एक नंबरच्या सेन्सरला विचारलेला प्रश्न, षोडशमान अंकांत लिहिलेले आठ बाइट, अगदी शुद्ध दिसत होता: 01 03 00 00 00 01 84 0ए. परंतु तिसऱ्या ओळीत, शेवटचा बाइट अर्धाच बाहेर पडलेला असताना, डीई पिन खाली आलेली होती. मायक्रोकंट्रोलर पूर्ण वाक्य बोलत होता आणि चिप त्याचे शेवटचे अक्षर तोडत होती.

कारण आमच्याच प्रोग्रामात होते. डीई पिन खाली करण्याआधी आम्ही मायक्रोकंट्रोलरच्या टीएक्सई या खुणेची वाट पाहत होतो. ती खूण केवळ पुढचा बाइट ठेवायला जागा मोकळी झाल्याचे सांगते, आधीचा बाइट तारेवर पोहोचल्याचे सांगत नाही. त्यापुढे आम्ही एक मिलिसेकंद थांबत होतो, पण ते थांबणे मिलिसेकंदाच्या घड्याळाचा आकडा बदलेपर्यंतचे होते, म्हणजे प्रत्यक्षात शून्य ते एक मिलिसेकंद यांपैकी कितीही. 9600 बॉडला, म्हणजे सेकंदाला 9600 बिटांच्या वेगाला, दहा बिटांचा एक बाइट जायला 1.04 मिलिसेकंद लागतात. संदेश छापणाऱ्या ओळीत वीसेक अक्षरे होती आणि 115200 बॉडला तेवढ्यांना सुमारे 1.7 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे त्या ओळी असताना शेवटचा बाइट सुखरूप पोहोचत असे.

मग तीन नंबरचा सेन्सर का बोलत होता? त्याला विचारलेल्या प्रश्नाचा शेवटचा बाइट ई8 आहे. बाइट तारेवर जाताना लहान बिट आधी जातो, म्हणून ई8 मधले शेवटचे तीन बिट 'एक' असतात. चिप गप्प झाल्यावर, तारेला त्या बाजूला ओढून धरणाऱ्या रोधकांमुळे, रिकामी तारही 'एक' याच अवस्थेत राहते. तुटलेले बिट आणि रिकामी तार सारखीच दिसत असल्याने सेन्सरला प्रश्न पुष्कळदा पूर्णच ऐकू येत असे. 0ए मधले शेवटचे चार बिट मात्र शून्य आहेत, तिथे तूट झाकली जात नाही. आमचा कंट्रोलर प्रत्येक प्रश्न तीनदा विचारत असल्याने एक नंबरचाही अधूनमधून बोलत होता आणि त्यामुळेच संशय सेन्सरवर जात राहिला. टीसी या, प्रक्षेपण खरोखर संपल्याचे सांगणाऱ्या खुणेची वाट पाहणारी एक ओळ लिहिली आणि काम झाले. हे सगळे निदान एका दुपारीत झाले.

त्यानंतर आमच्या पद्धतीत एक छोटा बदल झाला, जो मला या खरेदीचा सर्वांत मोठा लाभ वाटतो. बोर्डावरची एखादी न वापरलेली पिन मी हव्या त्या फंक्शनच्या सुरुवातीला वर आणि शेवटी खाली करतो आणि ती उरलेल्या चॅनेलवर पाहतो. संदेश छापण्याने वेळेचे गणित बिघडते, पिन हलवण्याने ते जवळपास बिघडत नाही. स्क्रीन पुसण्याच्या एका कमांडला लागणारे दीड मिलिसेकंद मुख्य लूप अडवून ठेवत होते, हे आम्हाला असेच दिसले.

वापरातले काही बारकावे सांगणे आवश्यक आहे. 24 मेगाहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तेवढे नमुने घेताना, दर सेकंदाला दोन कोटी चाळीस लाख बाइट लॅपटॉपकडे जातात आणि यूएसबी हबवरून जोडल्यास नोंद मध्येच थांबू शकते. 9600 बॉडसाठी 1 मेगाहर्ट्झ भरपूर होतो, कारण 104 मायक्रोसेकंदांच्या प्रत्येक बिटात शंभरावर नमुने मिळतात आणि कित्येक मिनिटांची नोंद सहज होते. सोबत आलेल्या वायरी पिनांवर सैल बसतात, म्हणून पकडीच्या क्लिपा वेगळ्या घ्याव्यात. विंडोजवर झाडिग या छोट्या प्रोग्रामने ड्रायव्हर बदलावा लागतो, लिनक्सवर परवानगीचा नियम एकदा लिहिला की पुरते.

त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तो फक्त शून्य आणि एक सांगतो, व्होल्टेज दाखवत नाही. पंपाचा कॉन्टॅक्टर, म्हणजे पंप चालू-बंद करणारा विजेचा मोठा स्विच, सुटताना आमचा बोर्ड रीसेट होत असे, तेव्हा रीसेटची रेघ खाली गेलेली या डब्याने दाखवली, परंतु त्याआधी 3.3 व्होल्टचा पुरवठा किती खचला हे पाहायला ओळखीच्या दुरुस्तीवाल्याचा, व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप आणावा लागला. त्याहून महत्त्वाचे असे की यात कसलेही विद्युत विलगीकरण नाही आणि याचे ग्राउंड म्हणजे लॅपटॉपचेच ग्राउंड. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या आणि म्हणून घरातल्या विजेपासून अलग नसलेल्या, कपॅसिटरवर चालणाऱ्या पॉवर सप्लायच्या बोर्डाला आणि थ्री-फेज स्टार्टरच्या पॅनलमधल्या कोणत्याही उघड्या टोकाला तो कधीही लावू नये. लॅपटॉप जाईल हा त्यातला लहान धोका आहे, जिवावर बेतणे हा मोठा.

शेतीची लाईट रात्रीच्या पाळीत येते तेव्हा पंप सुरू असतानाचा दोष पाहायला रात्रीच बागेत जावे लागते. हा डबा यूएसबीवरच चालत असल्याने लॅपटॉपच्या बॅटरीवर, केळीच्या ओळींमध्ये खोक्यावर बसून, काम करता येते. टेबलावरच्या महागड्या उपकरणाचा तिथे मला उपयोग झाला नसता. फर्मवेअर शिकणाऱ्या मुलांनी दुसरा डेव्हलपमेंट बोर्ड घेण्याआधी हा घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो.

आम्ही खराब समजून काढून आणलेला पहिला सेन्सर माझ्या कपाटात तसाच पडला होता. दुरुस्त फर्मवेअर घेऊन गेलो त्या दिवशी तो त्याच जागी, एक नंबरवर, परत लावला आणि बागायतदाराकडून घेतलेले बदलाचे पैसे त्यांना परत दिले.