प्रोसेसरवर व्हर्च्युअल मशीन चालेल का हे तपासणारी टूल्स : आठ महिने वापरून

गेले आठ महिने माझ्याकडे हेच काम सारखं येतंय, कोणाचा तरी लॅपटॉप नाहीतर डेस्कटॉप समोर घ्यायचा आणि यावर अमुक व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा कॉम्प्युटर) चालेल का ते सांगायचं. स्वतःची दोन मशीन, मित्रांची, ऑफिसात पडून असलेली जुनी, असं करत करत टास्क मॅनेजर, सिस्टिमइन्फो, कोअरइन्फो आणि लिनक्सवरची एलएससीपीयू, केव्हीएम-ओके ही सगळी टूल्स इतक्यांदा चालवली की कोणाच्या उत्तरावर किती विसंबायचं ते आता कळायला लागलंय, म्हणून लिहितोय.

विंडोज असेल तर आधी टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं की खाली व्हर्च्युअलायझेशन अशी ओळ दिसते, समोर इनेबल्ड असेल तर बरंचसं काम झालं. डिसेबल्ड दिसलं की मात्र लोक धरून चालतात की प्रोसेसरमध्ये सोयच नाही, आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं कारण बहुतेक वेळा ते फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, बंद असतं. माझा एक मित्र एवढ्यावरून धडधाकट लॅपटॉप काढून टाकायला निघाला होता, बायोसमधलं एक सेटिंग बदललं आणि त्याच संध्याकाळी त्याचं व्हर्च्युअल मशीनमधलं उबंटू लिनक्स सुरू झालं. हे सेटिंग इंटेलवर व्हीटी-एक्स किंवा इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी नावाने असतं, एएमडीवर एसव्हीएम मोड, आणि मदरबोर्डाप्रमाणे ते कुठल्याही मेनूत असू शकतं, मला एकदा ओव्हरक्लॉकिंगच्या पानावर सापडलं. बदलल्यावर नुसतं रीस्टार्ट करू नका, मशीन पूर्ण बंद करून परत चालू करा, काही मशीनवर त्याशिवाय बदल लागूच होत नाही. इंटेलने ही सोय २००५ च्या शेवटी आणली आणि एएमडीने २००६ मध्ये, त्यामुळे अलीकडच्या पीसीवर 'नाही' असं उत्तर आलं तर आधी त्या उत्तरावरच संशय घ्या.

जुन्या मशीनची गोष्ट वेगळी. माझ्याकडच्या कोअर टू ड्युओत व्हीटी-एक्स आहे पण ईपीटी नाही, ते इंटेलमध्ये २००८ च्या नेहेलमपासून आलं. ईपीटी म्हणजे गेस्टच्या (व्हर्च्युअल मशीनच्या आत चालणाऱ्या सिस्टिमच्या) मेमरीचे पत्ते प्रोसेसरनेच बदलून देणं, मायक्रोसॉफ्ट त्याला स्लॅट म्हणतं, आणि साध्या, म्हणजे सर्व्हर नसलेल्या, विंडोजवरच्या हायपर-व्हीला (मायक्रोसॉफ्टचं व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) ते लागतंच. म्हणजे त्याच मशीनवर व्हर्च्युअलबॉक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं गेस्ट चालतं आणि हायपर-व्ही बसतच नाही. म्हणून आता मला कोणी 'सपोर्ट आहे का' विचारलं तर मी आधी विचारतो, कशात चालवणार आणि आत काय टाकणार?

हा फरक बघायला कोअरइन्फो मला सगळ्यात आवडलं. छोटंसं टूल, इन्स्टॉल करावं लागत नाही, अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून डॅश व्ही लावून चालवायचं, व्हीएमएक्स (व्हीटी-एक्सचंच इथलं नाव) आणि ईपीटीसमोर स्टार असेल तर आहे, डॅश असेल तर नाही. पण एक अट आहे जी पुष्कळजण वाचत नाहीत, कुठलाही हायपरव्हायजर (हायपर-व्हीसारखं व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) आधीच चालू असेल तर त्याचं उत्तर बरोबर येईलच असं नाही, टूल स्वतःच तसं लिहून दाखवतं. सिस्टिमइन्फोचंही तेच, एरवी शेवटी चार ओळींत हो-नाही येतं, हायपरव्हायजर चालू असला की फक्त एक ओळ, हायपरव्हायजर सापडला म्हणून. आणि तुम्ही हायपर-व्ही कधी हाताने चालू केलं नसलं तरी डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) किंवा सिक्युरिटीतलं मेमरी इंटेग्रिटी यांच्यामुळे हायपरव्हायजर मागे चालू असतो. अशा वेळी व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली हिरवं कासव दिसतं, ते दिसलं की समजायचं गेस्ट हायपर-व्हीच्या आधाराने चाललंय आणि हळू पडू शकतं. प्रोसेसरला दोष देऊ नका. मेमरी इंटेग्रिटी बंद करता येतं पण ते सुरक्षेसाठी आहे, रोजच्या कामाच्या मशीनवर मी ते चालूच ठेवतो.

लिनक्सवर काम सोपं. एलएससीपीयूमध्ये व्हर्च्युअलायझेशनची ओळ बघायची, किंवा सीपीयूइन्फो फाईलमध्ये व्हीएमएक्स नाहीतर एसव्हीएम शोधायचं. जुन्या कर्नलवर बायोसमध्ये बंद असतानाही व्हीएमएक्स दिसायचं, त्यामुळे उबंटूवर मी केव्हीएम-ओकेच चालवतो, ते बायोसने बंद केलंय का तेही सांगतं.

आता ज्यात माझे दोन दिवस गेले ते. होस्टवर, म्हणजे खऱ्या मशीनवर, सगळ्या तपासण्या पास, केव्हीएम (लिनक्समधला हायपरव्हायजर) चालू, आणि रेड हॅट ९ च्या जातीचं लिनक्स गेस्ट बूट होतानाच पडायचं, एरर अशी की सीपीयू एक्स८६-६४-व्ही२ (प्रोसेसरला किमान कुठल्या सूचना कळायला हव्यात त्याची एक पातळी) सपोर्ट करत नाही. खरा प्रोसेसर ते आरामात करत होता. मी गेस्टला दिलेला व्हर्च्युअल सीपीयू जुन्या साध्या मॉडेलचा होता आणि त्याने प्रोसेसरच्या नवीन सूचना (इन्स्ट्रक्शन्स) गेस्टपासून लपवून ठेवल्या होत्या. मॉडेल बदलून होस्ट-पासथ्रू केलं, म्हणजे खरा प्रोसेसर आहे तसा गेस्टला दाखवला, आणि पहिल्या फटक्यात लॉगिन स्क्रीन. मोंगोडीबी ५ या डेटाबेसचंही असंच, एक्स८६वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर) त्याला एव्हीएक्स हा सूचनांचा संच लागतो, तो होस्टमध्ये असून गेस्टला दिसत नसेल तर सुरूच होणार नाही. हे वर सांगितलेलं एकही टूल होस्टवर बसून सांगू शकत नाही, गेस्टच्या आत जाऊन एलएससीपीयू चालवा आणि फ्लॅग, म्हणजे प्रोसेसरच्या सोयींची यादी, बघा. रेड हॅट १० ला तर त्याच्या वरची पातळी, व्ही३, लागते, म्हणजे तिथे खरा प्रोसेसरही कमी पडू शकतो.

मॅकवाले दोघं आले होते, अ‍ॅपलच्या एम१ आणि एम२ चिपचे. टर्मिनलमध्ये सिसकंट्रोल कमांडने केर्न डॉट एचव्ही अंडरस्कोर सपोर्ट विचारलं तर उत्तर १, म्हणजे सोय आहे. पण ती एआरएम (या चिपच्या जातीच्या प्रोसेसरसाठी बनवलेल्या) गेस्टसाठी. इंटेलसाठी बनवलेलं विंडोज तिथे फक्त एम्युलेशनने, म्हणजे दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरची सॉफ्टवेअरने नक्कल करून, चालतं आणि ते फार संथ, हे त्यांना पटायला वेळ लागला. एकाने एआरएमचं उबंटू टाकलं, पाच महिने झाले, रोज त्यावरच काम करतोय.