रन-ऑन वाक्यांवरील ऑनलाइन अभ्यासक्रम : निदान उत्तम, उपचार अपुरा

इंग्रजी लिहिताना होणारी रन-ऑन वाक्ये ओळखायला आणि दुरुस्त करायला शिकवणारा एक छोटा ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. रन-ऑन म्हणजे लांबलचक वाक्य, हा रूढ गैरसमज तो पहिल्याच धड्यात दूर करतो, याबद्दल त्याचे मनापासून कौतुक केले पाहिजे. 'इट रेन्ड वी स्टेड' हे अवघ्या चार शब्दांचे वाक्य सदोष ठरते, कारण त्यात दोन स्वतंत्र वाक्ये कोणत्याही दुव्याविना एकमेकांना चिकटली आहेत. उलट, पन्नास शब्दांचे मिश्र वाक्य पूर्णपणे निर्दोष असू शकते. त्यामुळे प्रत्येक स्वाध्यायात आधी कर्ता आणि क्रियापद यांच्या जोड्या शोधायच्या, मग प्रत्येक भाग स्वतंत्र वाक्य म्हणून उभा राहतो का हे पाहायचे आणि शेवटी सांधा तपासायचा, अशी शिस्त लागते. सांध्यात नुसता स्वल्पविराम असेल, तर त्या चुकीला कॉमा स्प्लाइस म्हणतात. 'पाऊस थांबला, आम्ही निघालो' हे मराठीत सहज खपत असल्याने आपल्या हातून नेमकी हीच चूक वारंवार होते.

दुरुस्तीचे धडे मात्र मला उणे वाटले. 'द रोड वॉज फ्लडेड, द बस वॉज लेट' या वाक्यात पूर्णविराम घातला की पूर्ण गुण मिळतात, पण रस्त्यावरील पाणी आणि बसचा उशीर यांतील कार्यकारणभाव त्यात पुसला जातो. स्वल्पविरामानंतर 'सो' घालून किंवा पहिल्या भागाआधी 'बिकॉज' जोडून तो राखता येतो; दोन्ही भाग तुल्यबळ ठेवायचे असतील, तर अर्धविराम शोभतो. कोणता उपाय केव्हा निवडावा, हाच तर या विषयाचा गाभा आहे, आणि त्याला येथे जेमतेम एक परिच्छेद मिळाला आहे.

'हाउएव्हर'च्या बाबतीत तर तपासणी यंत्रणाच चुकते. 'आय वॉज टायर्ड, हाउएव्हर आय फिनिश्ड' हे माझे उत्तर तिने बरोबर ठरवले. 'बट' हे उभयान्वयी अव्यय असल्याने त्याआधी स्वल्पविराम पुरतो; 'हाउएव्हर' हे क्रियाविशेषण असल्याने त्याआधी अर्धविराम किंवा पूर्णविराम आणि नंतर स्वल्पविराम लागतो.

ज्यांना आपल्या लेखनातील चूक दिसतच नाही, त्यांनी सुरुवातीचे धडे अवश्य करावेत. दुरुस्तीचा सराव मात्र जाणत्या शिक्षकाला दाखवून करावा, कारण या यंत्रणेने दिलेले गुण त्यासाठी पुरेसे विश्वासार्ह नाहीत.