पर्वरीचं सांधेदुखीचं क्लिनिक, सगळं एकाच फेरीत. पाच स्टार

घरात कुणाचे सांधे धरत असतील तर हे वाचाच. गोव्यात पर्वरीच्या या क्लिनिकमध्ये रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी, सांध्यांच्या स्पेशालिस्ट डॉक्टर, फिजिओ सगळं एकाच दिवशी होतं, मी आईला घेऊन गेलो होतो.

आईची दोन्ही हातांची बोटं सुजायची, सकाळी तास-तासभर मूठ वळत नव्हती, आदोळीवर नारळ किसायला बसली की डोळ्यात पाणी. आधी एकीकडे नुसतं युरिक अ‍ॅसिड बघितलं, दुसरीकडे वयाचं दुखणं म्हणून पेनकिलर दिल्या, एक्स-रे तिसरीकडे, आणि डिचोलीहून बस बदलत जायचं नि दर वेळी नव्या डॉक्टरला पहिल्यापासून सगळं सांगायचं.

इकडे गेल्या गेल्या रक्त घेतलं, कारण ईएसआरलाच (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) तासभर लागतो, तेवढ्यात हातापायांचे एक्स-रे झाले. मग डॉक्टरनी एकेक सांधा दाबून बघितला, अजिबात घाई नाही, आणि तिथेच बोटावर जेल लावून सोनोग्राफी केली. स्क्रीनवर सांध्यात लाल ठिपके लुकलुकत होते, म्हणाल्या आत सूज चालू आहे, पण एक्स-रेत हाड अजून शाबूत आहे. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात, वयाची झीज नव्हे. आणि हाड शाबूत असतानाच औषध सुरू झालं, माझ्या मते खरा फायदा हाच, फेऱ्या वाचल्या ते नंतरचं. या आजारात सुरुवातीचे महिने फार मोलाचे, एकदा सांधा खराब झाला की तो पूर्ववत होत नाही, आणि आपले नेमके तेच महिने रिपोर्ट गोळा करण्यात जातात!

या आजारावरची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच, रोज चुकूनसुद्धा नाही, हे नर्सने आईकडून वदवून घेतलं आणि पाकिटावर ठळक 'रविवार' लिहून दिलं. फिजिओने बरणी हातात देऊन झाकण बोटांनी न पिरगळता तळव्याने कसं उघडायचं ते करून घेतलं.

अँटी-सीसीपीचा (याच आजारासाठीची रक्ततपासणी) रिपोर्ट मात्र त्या दिवशी नाही मिळाला, नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर आला. बिल एकदम येतं त्यामुळे मोठं वाटतं. बाहेरच्या खुर्च्या बुटक्या आहेत, गुडघेवाल्यांना उठताना फार त्रास होतो, त्या बदलाच प्लीज.

नुसती गुडघ्याची झीज असेल तर एवढं सगळं लागत नाही, उभं राहून काढलेला एक्स-रे आणि चांगला फिजिओ बहुतेकांना पुरतो. पण सकाळी आखडणं अर्ध्या-एक तासाच्या वर जात असेल, सांधे सुजत असतील तर थांबू नका. सत्तरी, काणकोणकडे असा कॅम्प महिन्यातून एकदा तरी व्हायला हवा, तिकडच्या म्हाताऱ्या माणसांनी एवढ्या लांब यायचं कसं?

जाताना जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या न्या. मेथोट्रेक्सेट चालू असताना लागणारं लिव्हरचं वगैरे पुढचं रक्त आम्ही डिचोलीतच देतो आणि रिपोर्ट त्यांना पाठवतो, ते चालतं.