हायब्रिड सायकल आणि रोजचा सराव: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर शरीर पुन्हा हलते करायचे, या एकाच हेतूने मी हायब्रिड प्रकारातील, म्हणजे वेगाची रोड बाइक आणि खडबडीत वाटेची माउंटन बाइक यांच्या मधल्या घडणीची, गिअरची सायकल घेतली. आता पाऊण वर्षाच्या आसपास ती जवळजवळ रोज वापरात आहे. सायकलींविषयीचे बहुतेक अभिप्राय खरेदीनंतरच्या पहिल्या आठवड्यात लिहिले जातात, जेव्हा सायकलही नवी असते आणि चालवणाऱ्याचा उत्साहही. त्यामुळे रंग, वजन आणि गिअरचा आवाज यांविषयी पुष्कळ वाचायला मिळते. परंतु नव्याचे नऊ दिवस सरल्यावर ती सायकल रोज बाहेर निघते का, आणि निघत असेल तर कशामुळे, यावर फारसे कोणी लिहीत नाही. हा अभिप्राय त्या प्रश्नापुरता आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या घडणीच्या सायकली अनेक कंपन्या बनवतात आणि मला जे सांगायचे आहे ते त्यांतील बहुतेकींना लागू पडते.

माझे मत आधीच सांगते. रोज निघण्यासाठी मनाला बळ देत बसण्यापेक्षा, निघण्याच्या आड येणाऱ्या बारीकसारीक अडचणी एकेक करून काढून टाकणे कितीतरी अधिक उपयोगी पडते. आणि त्या अडचणींपैकी बऱ्याचशा आळसात नसून सायकलीत असतात. दुखणारे बूड, बधिर होणारी बोटे, अर्धवट हवेचा टायर आणि न झेपणारा चढ या चार गोष्टींमुळे जितक्या सायकली धूळ खात पडल्या असतील, तितक्या कंटाळ्यामुळे पडल्या नसतील.

आधी गिअरविषयी. या सायकलीला पुढे ४८, ३८ आणि २८ दात्यांची तीन चक्रे आहेत आणि मागच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरील दातेरी चक्रांच्या संचात, ११ ते ३४ दात्यांची आठ. खरेदीच्या वेळी लोक सर्वांत मोठ्या, म्हणजे वेगाच्या गिअरकडे पाहतात. शरीर परत वळणावर आणणाऱ्याने मात्र सर्वांत हलका गिअर पाहावा. पुढे २८ आणि मागे ३४ असताना पॅडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक पूर्ण एकदाही फिरत नाही. ७०० बाय ३५ मापाच्या टायरचा घेर सुमारे २.१७ मीटर धरला, तर सायकल जेमतेम १.८ मीटर पुढे सरकते. मिनिटाला ६० फेरे मारले तरी वेग ताशी साडेसहा किलोमीटरच्या आत राहतो, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका. हा वेग ऐकायला हास्यास्पद वाटतो. पण त्यामुळे चढावर उतरून सायकल ढकलण्याची वेळ येत नाही, आणि पहिल्या महिन्यांत या एका गोष्टीचा आधार फार मोठा असतो. वाटेतल्या चढाची धास्ती मनात असेल तर माणूस घरातूनच बाहेर पडत नाही. याच्या उलट, जड गिअर टाकून मिनिटाला पन्नासेक फेऱ्यांवर जोर काढत राहिले की व्यायाम झाल्यासारखा वाटतो खरा, परंतु प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर येणारा भार वाढतो. हलक्या गिअरमध्ये मिनिटाला ८० च्या आसपास फेरे मारण्याची सवय लागायला मला काही आठवडे लागले. सुरुवातीला पाय नुसतेच हवेत फिरत असल्याचा भास होतो आणि बुडाला हिसके बसतात. ते हळूहळू थांबते.

सायकलीबरोबर आलेली सीट हा या खरेदीतील सर्वांत निकृष्ट भाग होता. जाड, मऊ आणि गुबगुबीत सीट दुकानात बसून पाहताना सुखद वाटते. प्रत्यक्षात अर्ध्या तासानंतर बसण्याची हाडे त्या मऊपणात रुतत जातात आणि भार हाडांऐवजी मधल्या नाजूक भागावर येतो. आपल्या बसण्याच्या हाडांतील अंतराला साजेल इतकी रुंद, बेताची कठीण आणि मध्ये खाच असलेली सीट बसवल्यावर तक्रार जवळजवळ संपली. पॅडेड शॉर्ट्स वापरणार असाल तर आत अंतर्वस्त्र घालू नये, कारण त्याच्या शिवणीच घासतात. हे स्पष्टपणे सांगितले जात नाही म्हणून इथे लिहिते.

सीटची उंची ही त्याहून महत्त्वाची. सोपी रीत अशी की, सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवावी आणि पॅडल अगदी खाली असताना पाय पूर्ण सरळ व्हावा, इतकी सीट वर घ्यावी. मग चालवताना चवडा पॅडलवर आला की गुडघ्यात आपोआप साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूस दुखत असेल तर सीट बहुधा फार खाली असते आणि मागच्या बाजूस दुखत असेल तर फार वर. उंची बदलायची ती एका वेळी चार-पाच मिलिमीटरच, आणि त्यानंतर काही दिवस तशीच वापरून पाहायची. नळीवर पेनाने खूण करून ठेवली की सीट घसरली तरी पुन्हा मूळ जागी आणता येते.

हातांचा त्रास उशिरा लक्षात आला. सरळ हँडलवर मनगट मागे मुडपून भार टाकला की तळहाताच्या कडेने जाणारी अल्नर नस दाबली जाते आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट यांना मुंग्या येतात. तळहाताला रुंद टेकू देणाऱ्या मुठी बसवून आणि त्यांचा कोन किंचित फिरवून मनगट सरळ राहील असे केल्यावर हा त्रास गेला.

हवेकडे मी सर्वांत अधिक लक्ष देते. ब्यूटाइल रबराच्या ट्यूबमधूनही हवा हळूहळू झिरपतच असते. पंक्चर नसतानाही आठवड्याभरात टायर नरम पडतो आणि सायकल कारण न कळता जड वाटू लागते. ते जडपण चालवणाऱ्याला स्वतःच्या अशक्तपणाचे वाटते, आणि 'आज अंगात त्राण नाही' असे म्हणत तो परत फिरतो. अंगठ्याने दाबून पाहण्याचा काही उपयोग नाही. ३५ आणि ६० पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) यांतील फरक अंगठ्याला नीट कळत नाही. म्हणून काटा असलेला उभा फ्लोअर पंप सायकलीच्या शेजारीच ठेवला आहे. पंपाचे तोंड व्हॉल्व्हवर सरळ दाबायचे, खटका वर उचलायचा, सुटणाऱ्या हवेची फिस्स बंद झाली की मग दांडा चालवायचा आणि टायरच्या कडेवर छापलेल्या कमाल आकड्याच्या बरेच अलीकडे थांबायचे. मिनिटभराचे काम आहे. पण ते आदल्या रात्री केलेले असेल तरच सकाळी उपयोगाचे. दिव्यांचे चार्जिंग, पाण्याची बाटली, हेल्मेट आणि मोजे यांचेही तसेच. सकाळी मला एकही निर्णय घ्यावा लागू नये, अशी व्यवस्था केल्यापासून खाडे कमी झाले.

आता प्रत्यक्ष सरावाकडे वळते. खंडानंतर परतणाऱ्या शरीराची एक गंमत आहे. नियमित सराव सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, हृदयाच्या एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलले जाते आणि तेवढ्याच कष्टाला नाडी कमी धावते. सुधारणा डोळ्यांत भरेल इतकी असते. स्नायूही बऱ्यापैकी लवकर सावरतात. स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे मात्र फार सावकाश बळकट होतात. दम आटोक्यात आला म्हणून अंतर एकदम दुप्पट करण्याचा मोह होतो तो नेमका याच काळात, आणि गुडघे व टाचेवरचे कंडरे कुरकुर करू लागतात तेही याच काळात. आरंभशूर मंडळींचा सराव बहुतेक इथेच मोडतो. मी सुरुवातीचे आठवडे अंतर मोजलेच नाही, ठरावीक वेळच सायकल चालवली. सायकलवर असताना पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, हीच वेगाची कसोटी ठेवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि आधीच्या सूचनांतील 'एका वेळी किमान १० मिनिटे' ही अट त्यांत काढून टाकली आहे. म्हणजे वेळ नसलेल्या दिवशी छोटीशी फेरीसुद्धा हिशेबात धरली जाते. अर्थात ज्यांना हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा छातीत दुखण्याची तक्रार आहे, त्यांनी सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी.

फोनवरील ॲपविषयी माझे मत संमिश्र आहे. मार्ग आणि वेळ यांची नोंद ठेवण्यास ते उत्तम असते. परंतु मी वापरलेल्या ॲपमध्ये सलग दिवसांची मालिका ठळकपणे दाखवली जात असे आणि एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येत असे. एका साध्या सर्दीमुळे महिन्यांची मेहनत पुसली गेल्यासारखी वाटावी, असे हे गणित आहे, आणि त्याला शास्त्राचा आधारही नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवयी कशा जडतात याचा ९६ व्यक्तींवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ ते २५४ दिवस असा कमालीचा वेगवेगळा निघाला आणि त्याचा मध्यक, म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, ६६ दिवस होता. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय फरक पडला नाही, असेही त्यात दिसले. २१ दिवसांत सवय लागते, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. मी ती मालिका दाखवणारी खिडकी बंद केली आणि एकच नियम ठेवला: एक दिवस चुकला तर चुकू द्यावा, लागोपाठ दुसरा चुकवू नये. आजारपण या नियमाला अपवाद. अंगात ताप असताना सायकल चालवणे हा निर्धार नव्हे.

सरासरी वेगाचा आकडाही मी पाहणे सोडले आहे. हवेच्या विरोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा तर त्यासाठी आठपट शक्ती लागते. समोरून वारा असलेल्या दिवशी अधिक कष्ट करूनही आकडा घसरतो, आणि त्यावरून स्वतःला बोल लावण्यात अर्थ नाही.

वजनाच्या बाबतीत अपेक्षा वेळीच आवरायला हवी. ७० किलो वजनाच्या व्यक्तीने ताशी १६ ते १९ किलोमीटर वेगाने अर्धा तास सायकल चालवली, तर साधारण २४० किलोकॅलरी खर्च होतात. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० किलोकॅलरी. महिनाभर एकही दिवस न चुकवता आणि आहारात घासभरही वाढ न करता हा क्रम चालवला, तरी हिशेब किलोभराच्या आतच राहतो. शिवाय शरीरातील पाण्यामुळे वजन रोजच्या रोज त्याहून अधिक वरखाली होते. वजनकाटा हा ज्यांच्या उत्साहाचा एकमेव आधार असतो, त्यांची दुसऱ्या महिन्यात निराशा ठरलेली. मला उपयोगी पडली ती सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच मोजलेली नाडी. ती महिन्यागणिक थोडी थोडी उतरत गेली, आणि नेहमीच्या चढावर पूर्वी अशक्य असलेले वाक्य एका दमात बोलता येऊ लागले. ही दोन मापे वाऱ्यावर किंवा पाण्यावर फारशी अवलंबून नसतात.

टिकाऊपणाविषयी थोडक्यात. पहिल्या काही आठवड्यांत गिअरच्या केबली बसतात, म्हणजे त्यांचा ताण सैल पडतो आणि चेन दोन चक्रांच्या मध्ये घुटमळत खडखड करते. डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाच्या, मागचा गोल स्क्रू पाव फेरा फिरवला की बहुधा काम होते. त्यासाठी कारागिराकडे जाण्याची गरज नाही. प्लास्टिकची पॅडले लवकर डुगडुगू लागली, ती बदलली. स्टँड अधूनमधून सैल होतो. डिस्क ब्रेक चांगले आहेत, फक्त चेनला तेल देताना फवारा डिस्कवर उडू देऊ नये, नाहीतर ब्रेक किंचाळू लागतात आणि धरतही नाहीत.

पुन्हा घ्यायची झाली तर याच जातीची सायकल घेईन, मात्र पुढे तीनऐवजी दोन चक्रांची, कारण ४८ आणि ११ ही जोडी माझ्या कधीच उपयोगाला आली नाही. ज्यांना गटाने लांब पल्ला वेगात गाठायचा आहे, त्यांनी रोड बाइक पाहावी. पुढच्या सस्पेन्शनसाठी मात्र डांबरी रस्त्यावर चालवणाऱ्यांनी पैसे घालवू नयेत. या किमतीच्या गटातील सस्पेन्शन वजन वाढवते आणि चढावर उभे राहून पॅडल मारताना निम्मा जोर दबण्यातच जातो की काय असे वाटते. सध्या चेन बदलायला आली आहे. नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्यांची (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक पूर्ण कडी) लांबी बरोबर १२ इंच भरते आणि ती १/१६ इंचाने वाढली की चेन बदलायची असते. तशीच ओढत नेली तर कॅसेटचे दाते झिजतात आणि मग दोन्ही एकदम बदलावे लागतात. माझी पट्टी आता त्या खुणेला टेकली आहे.