धुळ्यातलं कॅसेटवालं दुकान: साफ न केलेली कॉपी मागून घ्या

एस.टी.त वाहक म्हणून ३१ वर्षं काढली. शिरपूर, शहादा, सुरत, स्टँड कुठलंही असो, गाडी फलाटाला लागली की मी आधी चहा नाही, कॅसेटचा गाडा गाठायचो. रिटायर झाल्यावर माळा आवरला, तेव्हा ४१ कॅसेट आणि ५ व्हीसीडी निघाल्या. घरातला टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) केव्हाच भंगारात गेलेला. कॅसेटींची गाणी पेनड्राईव्हवर भरून देणारा माणूस आपल्या धुळ्यात आहे, असं डेपोतल्या एकानं सांगितलं. तिथं माझ्या चार खेपा झाल्या, म्हणून हे लिहितोय.

आग्रा रोडवरून पाचकंदीलकडे जाताना एका बोळात, पहिल्या मजल्यावर. जिना अरुंद आहे, गुडघे दुखत असतील तर नातवाला पाठवा. आत दोन टेपडेक, एक जुना कॉम्प्युटर आणि भिंतीला लागून रिकाम्या कॅसेटींचा ढीग. तो ढीग कशासाठी ते पुढं सांगतो.

पहिल्याच दिवशी दुकानवाल्या भावानं माझ्या ४१ कॅसेट टेबलावर मांडल्या आणि एकेक वाचत दोन वाटण्या केल्या. मोठ्या वाटणीवर हात ठेवून म्हणाला, "आबा, ह्या गाना ते मोबाईलमा भेटतीन. पैसा कसाले वाया घालतस?" ६० मिनिटांच्या एका कॅसेटचे तो १५० रुपये घेतो. ३४ कॅसेट त्यानं बाजूला काढल्या, म्हणजे ५,१०० रुपयांचं काम स्वतःहून सोडलं. त्यात आनंद शिंदे यांचा पोपट होता (ती कॅसेट मी दोनदा घेतलेली, पहिली एका लग्नाच्या मंडपातून परत आलीच नाही), नव्वदीतली सिनेमाची गाणी होती, भजनं होती. त्याचं म्हणणं खरं आहे. कंपनीनं काढलेलं गाणं आज कंपनीच्याच मूळ टेपवरून ऐकायला मिळतं. स्टँडवर घेतलेल्या कॅसेटवरून ते आणखी चांगलं कसं होणार?

उरल्या सात. दोन आकाशवाणी जळगाववरून टेप केलेल्या, चार घरच्या लग्नांच्या. आणि एक, जिच्यासाठी मी खरं तर जिना चढलो होतो, ती १९९१ च्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची.

तेव्हा आमच्या शिंदखेड्याकडच्या गावात कडुलिंबाला झोका बांधला होता. मन्ही माय, दोन काक्या, बहीण आणि गल्लीतल्या पाच-सहा जणी. मी टू-इन-वन खाटेवर ठेवला. कोरी कॅसेट नव्हती, म्हणून सिनेमाच्या एका कॅसेटच्या वरच्या कडेला, जिथं पट्टी मोडलेली असते, त्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला आणि तिच्यावरच रेकॉर्डिंग केलं. "आथानी कैरी, तथानी कैरी, कैरी झोका खाय वं" इथून सुरुवात होती. माय जाऊन नऊ वर्षं झाली. तिचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही.

कॅसेट नीट वाजेना. भावानं ती उजेडात धरली आणि म्हणाला, आतली लोकरीची गादी निसटलीय. ही बारीक गादी टेपला हेडवर, म्हणजे डेकच्या टेप वाचणाऱ्या भागावर, दाबून धरते, ती नसली तर आवाज दबका येतो, मध्येच जातो. त्यानं ढिगातली एक रिकामी कॅसेट घेतली, चार-पाच स्क्रू काढले आणि माझ्या कॅसेटची दोन्ही चक्रं टेपसकट उचलून तिच्यात बसवली. साडेतीन मिलिमीटरपेक्षा थोडी रुंद अशी ती तपकिरी फीत. त्याच्या बोटांना कंप नव्हता, माझ्या होता. मग कापसाच्या काडीनं स्पिरिट लावून हेड पुसलं आणि टेप चालू ठेवूनच बारीक पेचकसानं हेडचा स्क्रू हळूहळू फिरवला. आधी सगळं गोधडीखालून आल्यासारखं होतं. स्क्रू पाव आटा फिरला आणि "स" मोकळा झाला. माझ्या टू-इन-वनचं हेड किंचित तिरपं होतं, म्हणून त्याच्या डेकचं हेडही तेवढंच तिरपं करावं लागतं, असं त्यानं समजावलं. घरी स्वस्तातलं यूएसबी प्लेअर आणून हे काम करू म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

घाई करू नका. ६० मिनिटांची कॅसेट भरायला ६० मिनिटंच लागतात.

आता तक्रार. दोन दिवसांनी फाईल घेऊन घरी आलो, कानाला लावली, तर माय पाण्याखालून गाते आहे असं वाटलं. टेपची सरसर गेली होती, पण तिच्याबरोबर झोक्याच्या दोराची करकर, बायांचं कुजबुजणं, दोन ओळींच्या मधला श्वास, सगळंच गेलं होतं. ओळ संपली की एकदम शांत, विहिरीत बादली सुटावी तसं. तिसऱ्या खेपेला विचारलं. त्यानं लपवलं नाही. सॉफ्टवेअरला मधल्या नुसत्या सरसरीचा नमुना दिला की ते तेवढा आवाज सगळीकडून वजा करतं, आणि ठराविक पातळीखालचं सारं बंद करतं. गिऱ्हाइकाला स्वच्छ आवाज आवडतो, म्हणून तो न विचारताच तसं करून देतो. ही त्याची चूक आहे, आणि मी त्याला तसं सांगितलं. पण मूळ फाईल त्यानं पुसली नव्हती. जास्त पैसे न घेता लगेच दिली, वेव्ह फाईल, तासाला साधारण ६०० एमबी.

मूळ फाईलमध्ये सगळं आहे. सुरुवातीला माय विचारते, "चालू व्हयनं का रे?" काही ओळींच्या आधी तीच ओळ अगदी बारीक, लांबून ऐकू येते. टेप वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उतरतं, त्यामुळं असं होतं. गाण्याच्या आधी त्याची चाहूल लागते. ते काढू का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हणालो. शेवटी रेकॉर्डिंग जिथं थांबतं तिथं खालचं सिनेमाचं गाणं कडव्याच्या मधूनच सुरू होतं. तेही राहू दिलं.

व्हीसीडीचं थोडक्यात. पाचपैकी दोन मेल्या होत्या, त्यांचे पैसे घेतले नाहीत. चरा खालून पडला तर निभतं, लेबलच्या बाजूनं पडला तर माहितीचा थरच जातो, कारण तो लेबलच्या लगेच खाली असतो. हे मला आज कळलं. सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेली अहिराणी गाण्यांची एक व्हीसीडी मात्र चालली. चित्र ३५२ बाय २८८ चं, मोठ्या टीव्हीवर चौकोन दिसतात. पिवळा शर्ट, गॉगल, नदीचं पात्र, एकच कॅमेरा. आज "हाई झुमकावाली पोर" लागल्याशिवाय आमच्याकडं हळद लागत नाही, तिचा व्हिडिओ सफाईदार आहे. पण आपल्या बोलीत, आपल्याच शेतात उभं राहून नाचायची हिंमत त्या पिवळ्या शर्टवाल्यानं आधी केली, हे मला त्या चौकोनांतूनही दिसलं. त्या व्हीसीडीचे १०० रुपये मी आनंदानं दिले.

स्वतःचा ३२ जीबीचा पेनड्राईव्ह न्या. दुपारी एकच्या आत जा, नंतर वर पत्र्याखाली फार तापतं. आणि आधीच सांगा: साफ न केलेली फाईल पहिली द्या.

आखाजीच्या कॅसेटची दुसरी बाजू अजून भरायची आहे. पुढच्या आठवड्यात दोंडाईच्याहून बहीण येतेय, तिला घेऊनच जाणार आहे. टेप चालू असताना ती शेजारी बसून कोणती ओळ कोणाची ते सांगेल आणि मी वहीत नावं लिहून घेईन.